शिक्षण सप्ताह आणि प्राथमिक शाळेचे तास : २२ ते २८ जुलै २०२४ या आठवड्याचा विचार

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी मंजूर झाले. या धोरणाच्या चौथ्या वर्धापनदिनानिमित्त केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २२ ते २८ जुलै २०२४ हा आठवडा ‘शिक्षण सप्ताह’ म्हणून साजरा करण्याचे आवाहन देशभरातील शाळांना केले. सोमवारी अध्ययन-अध्यापन साहित्य, मंगळवारी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, बुधवारी क्रीडा, गुरुवारी सांस्कृतिक उपक्रम, शुक्रवारी कौशल्ये व डिजिटल उपक्रम, शनिवारी पर्यावरण व शालेय पोषण आणि रविवारी समुदायाचा सहभाग असे सात दिवसांचे सात विषय ठरवून दिलेले होते. बालवाडीपासून बारावीपर्यंत सर्वांसाठी आराखडा एकच होता. वीस वर्गखोल्यांच्या शहरी विद्यालयाने आणि दोन शिक्षकी प्राथमिक शाळेने तोच आठवडा पार पाडावयाचा होता.

अध्यापक महाविद्यालयांतील व इतर महाविद्यालयांतील प्राध्यापकांचा प्राथमिक शाळेशी संबंध येतो तो बहुधा अशाच निमित्ताने. कोणी पाहुणे म्हणून जातात, कोणी परीक्षक म्हणून, तर कोणाचे विद्यार्थी सरावपाठासाठी त्याच आठवड्यात शाळेत असतात. त्यांना दिसते ती शाळा पताका लावलेली, फलक रंगवलेली, मुले नटलेली अशी असते. या आठवड्यात पहिली-दुसरीच्या मुलाच्या पदरात नेमके काय पडते आणि त्यासाठी शाळा कोणती किंमत मोजते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. उपक्रम असावेत की नसावेत, असा हा वाद नाही. ते असलेच पाहिजेत. प्रश्न तासांचा आहे, आणि वर्षाला मिळणारे तास मर्यादित आहेत.

तासांचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या परिशिष्टात इयत्ता पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे २२० दिवस व १००० तास असे आहेत. म्हणजे प्राथमिक वर्गाला दिवसाला सरासरी चार तास मिळतात. सोमवार ते शनिवार या सहा दिवसांचे होतात २४ तास. ८०० पैकी २४ म्हणजे शेकडा ३. एका सप्ताहाचा एवढाच हिशेब केला तर तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही.

(अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये दिला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा यासाठी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये तो प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला. तथापि कायदा लागू असो वा नसो, मुलाला वाचायला शिकवण्यास लागणारा वेळ सर्वत्र तेवढाच लागतो. म्हणून येथे हाच मापदंड घेतला आहे.)

अडचण सप्ताह एकच नसण्याची आहे. सप्टेंबर महिना घ्यावा. ५ तारखेला शिक्षक दिन, ८ ला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन, १४ ला हिंदी दिन, महिनाभर पोषण माह आणि पहिल्या पंधरवड्यात शाळांचा स्वच्छता पंधरवडा. १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन असतो, आणि २००८ पासून जागतिक हात धुवा दिनही त्याच तारखेला येतो. तेव्हा एकाच सकाळी मुलांनी पुस्तक हाती घ्यावयाचे असते आणि हातही धुवावयाचे असतात. (क्रम तरी बरा लागतो, एवढेच.) २१ फेब्रुवारीला मातृभाषा दिन, २७ ला मराठी भाषा गौरव दिन, २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन. यांपैकी प्रत्येक दिवसामागे कारण आहे व बहुतेक कारणे चांगली आहेत. प्रत्येक कार्यालय आपल्या एका दिवसाचाच विचार करते. सगळ्या दिवसांची बेरीज करावी लागते ती मुख्याध्यापकाला.

दुसरी अडचण शिक्षकसंख्येची. अधिनियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक असतात. चार वर्ग आणि दोन शिक्षक म्हणजे प्रत्येकाकडे एका वेळी दोन इयत्ता. अशा शाळेत उपक्रमाचे छायाचित्र काढणे, ते पाठवणे, सहभागी मुलांची संख्या भरणे आणि अहवाल लिहिणे यांत समजा एक शिक्षक रोज दीड तास गुंतला, तर सहा दिवसांत नऊ तास जातात. त्या नऊ तासांत चारही वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे असतात, किंवा खरे सांगायचे तर कोणाकडेच नसतात. अधिनियमाच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. परंतु सप्ताहाचा अहवाल अशैक्षणिक म्हणून मोजला जात नाही, कारण सप्ताह स्वतःच शैक्षणिक असतो! शिक्षकाने आठवड्याला, पूर्वतयारी धरून, किमान ४५ तास काम करावे असे तेच परिशिष्ट सांगते. अध्यापनाचे २४ तास वजा केले तर पूर्वतयारीला कागदावर २१ तास उरतात. ते प्रत्यक्षात कोठे जातात याचा शोध एखाद्या लघुप्रबंधाला पुरेसा विषय आहे.

साहित्य : मांडलेले आणि वापरलेले

सप्ताहाचा पहिला दिवस अध्ययन-अध्यापन साहित्याचा होता. त्यामागील विचार नवा नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले तेव्हापासून पश्चिम भारतात तो रुजत आला आहे. अलीकडे २० फेब्रुवारी २०२३ रोजी तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळ, बाहुल्या, कोडी व चित्रपत्रे यांचा संच प्रसिद्ध झाला, तोही याच धाग्याचा.

असा दिवस साजरा होतो तेव्हा बहुधा प्रदर्शन भरते. टेबलावर चादर, त्यावर थर्माकोलची घरे, पुठ्ठ्याचे घड्याळ, रंगीत कागदाचे तक्ते. शिक्षकांनी व बऱ्याचदा पालकांनी रात्री जागून ते बनवलेले असतात. मुले रांगेने येतात, हात न लावता पाहतात आणि जातात. साहित्य शैक्षणिक ठरते ते हात लावल्यावर. शंभर मण्यांची माळ भिंतीवर टांगली तर ती शोभेची. तीच मुलाच्या हातात देऊन, तेवीस मणी मोजून तेथे चिमटा लाव, असे सांगितले की ती गणिताची होते.

या तेविसापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. बृहन्महाराष्ट्रातील शाळांना येथे एक संधी आहे आणि ती क्वचितच घेतली जाते. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतात व वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी व ३ नंतर. त्यामुळे दुसरीतील मूल तेवीस ऐकून ३२ लिहिते, ते अनेकदा बेफिकिरीने नव्हे तर कानावर विश्वास ठेवून. ‘एकोणतीस’ तर आणखी कठीण. ऐकू येतात तीस आणि लिहायचे असतात २ आणि ९. उर्दूतील ‘तेईस’, ‘उनतीस’ आणि गुजरातीतील ‘त्रेवीस’, ‘ओगणत्रीस’ यांची घडण अशीच आहे. म्हणून वडोदऱ्याच्या वा इंदूरच्या मुलाला शेजारच्या भाषेतून या बाबतीत मदत मिळत नाही. बेळगावच्या मुलाची स्थिती वेगळी आहे. बाजारात ते कन्नड ‘इप्पत्तमूरु’ ऐकते, म्हणजे वीस-तीन. हैदराबादचे मूल तेलुगू ‘इरवै मूडु’ ऐकते, तेही वीस-तीनच. म्हणजे दशक-एककाची कल्पना स्पष्ट करणारी भाषा शाळेच्या फाटकाबाहेर रोज बोलली जात असते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचनही दिले गेले तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाचे समर्थन केले होते. जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना समजण्याची आणखी एक वाट दिली आहे, ही त्यामागील भूमिका होती. चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि ३२ लिहिणारे मूल बाजूला राहिले. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दुसरीच्या मुलाला मणी मोजताना पाहिले असावे.

तेव्हा साहित्य दिनाला थर्माकोलचे घर न करता काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करावेत. एका मुलाने मराठीत संख्या सांगावी, दुसऱ्याने कन्नड, तेलुगू वा घरच्या बोलीत, आणि तिसऱ्याने गठ्ठे व सुट्या काड्या मांडाव्यात. चिंचोके व रबर यांपलीकडे यास खर्च नाही. असा एक तास झाला तर त्या दिवसाचे सार्थक झाले म्हणावे, प्रदर्शन भरले नाही तरी.

वाचनाची तपासणी

मंगळवारचा विषय सर्वांत महत्त्वाचा होता. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे असे उद्दिष्ट ठेवले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, अशी त्यातील एक अपेक्षा आहे. ‘असर’ या ग्रामीण भारतातील घरोघर जाऊन केलेल्या पाहणीनुसार सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये शेकडा १६.३ होते आणि २०२४ मध्ये २३.४ झाले. दोन वर्षांत झालेली ही वाढ चांगलीच म्हणावी लागेल. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, चारांतील तीन मुले तिसरीत असूनही दुसरीचे पान वाचू शकत नव्हती.

असे असता साक्षरतेच्या दिवशी प्रभातफेरी काढून घोषणा देण्यात काय हशील? घोषणेचा फलक ज्याच्या हाती दिला जातो त्याला तो वाचता येतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहता येते. एका मुलाला जवळ बसवून अक्षरे, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद व छोटी गोष्ट या क्रमाने वाचावयास द्यावे. जेथे ते अडते तेथे थांबावे व तसे नोंदवावे. एका मुलास सुमारे पाच मिनिटे लागतात. पंचवीस मुलांच्या वर्गाला १२५ मिनिटे, म्हणजे दोन तासांहून किंचित अधिक. एरवी दोन शिक्षकी शाळेत एवढी सलग फुरसत मिळत नाही. म्हणून या कामासाठी ‘दिवस’ मिळणे ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे, आणि सप्ताहाच्या कल्पनेच्या बाजूने सांगता येण्यासारखा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

या तपासणीत एक काळजी घ्यावी लागते. मराठी माध्यमाच्या शाळेत उर्दू वा दखनी बोलणाऱ्या घरांतील मुले असतात. त्यांच्या घरच्या बोलीत ‘ण’ व ‘ळ’ हे ध्वनी सहसा नसतात. मूल ‘बाळ’ पाहून ‘बाल’ म्हणते, ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हणते. ही वाचनातील चूक नव्हे. अक्षर ओळखले, शब्द समजला, आणि तो मुलाने आपल्या जिभेने उच्चारला. वाचल्यावर ‘बाळ कोठे आहे?’ असे विचारले व मुलाने चित्रावर बोट ठेवले, तर वाचन झाले. असे मूल ‘अक्षर पातळीवर’ म्हणून नोंदले गेले तर त्याला पुन्हा बाराखडीत बसवले जाते आणि वर्षभर कंटाळवले जाते. उलट काही मुले पाठ्यपुस्तकातील धडा घडाघडा म्हणतात, कारण तो त्यांना पाठ असतो. पान बदलून दिले की गाडी थांबते. म्हणून उतारा पुस्तकाबाहेरचा असावा. या दोन गोष्टी सरावपाठाला जाणाऱ्या छात्राध्यापकांना आधीच सांगून ठेवल्या पाहिजेत, नाहीतर तपासणीचे आकडे दोन्ही बाजूंनी फसवे येतात.

पाऊस, रंगमंच आणि शुक्रवार

मधल्या तीन दिवसांबद्दल थोडक्यात.

क्रीडादिन २४ जुलैला आला. कोकण, गोवा व बेळगाव पट्ट्यात त्या सुमारास मैदान म्हणजे चिखल असतो. दिल्लीत बसून तारीख ठरवताना हे ध्यानी येणे कठीण. सुदैवाने मंत्रालयाचा भर देशी खेळांवर होता, आणि व्हरांड्यात बसून खेळण्याच्या देशी खेळांची मराठी मुलखात उणीव नाही. सागरगोटे, कवड्या, चिंचोक्यांचा खेळ, काचापाणी यांना पाऊस आड येत नाही. सागरगोट्यांत मोजणी आहे, हात व डोळ्याचा मेळ आहे, आणि हे खेळ आजीला येतात. तेव्हा शिकवायला क्रीडाशिक्षक नसला तरी अडत नाही.

सांस्कृतिक दिवसाचा खर्च त्या दिवसापुरता नसतो, सरावात आधीचे चार-सहा दिवस जातात. शिवाय व्यासपीठावर येणारी मुले बहुधा ठरलेली असतात. ज्याचा आवाज खणखणीत, ज्याच्या घरून पोशाख येऊ शकतो, ते मूल प्रत्येक कार्यक्रमात पुढे आणि उरलेली चाळीस टाळ्या वाजवायला. वर्षाअखेर हजेरीपट घेऊन प्रत्येक नावापुढे ते मूल किती वेळा बोलायला उभे राहिले याचा आकडा लिहिला तर अनेक शाळांना स्वतःबद्दल नवी माहिती मिळेल.

कौशल्य व डिजिटल दिवस शुक्रवारी, २६ जुलैला होता. ज्या शाळांचे कामकाज शुक्रवारी नमाजासाठी लवकर आटोपते, त्यांना तो अर्धाच मिळाला. त्याच तारखेला कारगिल विजय दिवसही असतो. या दिवसाबाबत एक गैरसमज दूर करणे इष्ट. राष्ट्रीय धोरणातील ‘दप्तराविना दहा दिवस’ ही तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे. त्या वयाच्या मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याजवळ काम पाहावे व करून पाहावे अशी ती कल्पना आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत ती जशीच्या तशी आणली की तिची सहल होते. लहान मुलांना कारागीर शाळेत बोलावणे सोयीचे. शिंप्याने मापाची पट्टी घेऊन अर्धा तास मुलांची मापे घेतली, तरी सेंटिमीटर म्हणजे काय ते कळते.

रोप, ताट आणि रविवार

शनिवारी मुलांनी रोपे लावली. ५ जून २०२४ रोजी सुरू झालेल्या ‘एक पेड माँ के नाम’ या मोहिमेशी तो दिवस जोडलेला होता, आणि शाळांतील पर्यावरण मंडळे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन लाइफ’ शी. जुलै हा लागवडीस योग्य महिना आहे, येथे तक्रारीला जागा नाही. प्रश्न एप्रिल-मेचा. शाळेला सुट्टी लागते, पाण्याची बादली कोण उचलणार? खड्डा खणण्यापूर्वी ज्या घराची भिंत शाळेला लागून आहे त्या घराशी बोलणे हे पर्यावरण शिक्षणाचे पहिले काम होय. लावलेले रोप गणिताचेही साधन आहे. दर शनिवारी दोऱ्याने त्याची उंची मोजावी, दोरा तेवढाच कापून तारखेसह भिंतीवर चिकटवावा. सहा शनिवार झाले की भिंतीवर आलेख उभा राहतो आणि तो मुलांनी केलेला असतो.

त्याच दिवशी पोषणाचाही विषय होता. पीएम पोषण योजनेत प्राथमिक वर्गातील मुलाला दर जेवणात ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. हे आकडे तक्त्यावर असतात. चौथीच्या मुलांनी तराजू घेऊन १०० ग्रॅम तांदूळ मोजले, मग हजर मुलांच्या संख्येने गुणले आणि स्वयंपाकघरात जाऊन खरोखर किती तांदूळ शिजवला ते विचारले, तर गुणाकार, वजन व नागरिकशास्त्र एकाच वेळी होते. मुख्याध्यापकांना हा उपक्रम किती रुचेल हे मात्र शाळा-शाळांवर अवलंबून.

रविवार समुदायासाठी होता. गावातील कोणी आनंदाच्या वा स्मरणाच्या निमित्ताने मुलांना जेवण द्यावे, ही रीत गुजरातेत ‘तिथिभोजन’ या नावाने चालते. महाराष्ट्रात तिला ‘स्नेहभोजन’ म्हणतात, कर्नाटकात ‘शालेगागि नावु नीवु’, म्हणजे शाळेसाठी आम्ही-तुम्ही. हे जेवण रोजच्या आहाराला पूरक असावयाचे, त्याच्या जागी नव्हे, असे नियम सांगतो. ज्या शाळेत वेगवेगळ्या समाजांची मुले एका पंक्तीला बसतात तेथे अशा जेवणाचे मोल पोषणाच्या पलीकडचे आहे. त्यासाठी एक साधा नियम पाळावा लागतो. काय शिजवावे हे देणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. सर्वांच्या घरी चालेल असा पदार्थ ठरला की पंक्तीतून कोणी उठत नाही. देणाऱ्याच्या नावाचा फलकही शक्यतो ताटाहून मोठा असू नये.

परंतु तो रविवार होता. शिक्षकांचा, स्वयंपाकी-मदतनिसांचा आणि पालकांचाही. ज्या पालकांना रोजंदारीमुळे इतर दिवशी येता येत नाही त्यांच्यासाठी रविवार सोयीचा, हे खरे. स्वयंपाकी-मदतनीस स्त्रिया मुळात अल्प मानधनावर काम करतात. त्यांच्या सुट्टीचा बदला कोणत्या दिवशी द्यावयाचा, हे आधी ठरवणाऱ्या शाळेने समुदायाचा सहभाग नीट समजून घेतला, असे म्हणता येईल.

उपक्रम आणि कार्यक्रम

मराठी शाळेत ‘उपक्रम’ व ‘कार्यक्रम’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि बरेचसे गोंधळ तेथून सुरू होतात. कार्यक्रमाला प्रेक्षक लागतात, तारीख लागते आणि शेवट असतो. उपक्रमाला करणारा लागतो, आणि तो दुसऱ्या दिवशी पुढे चालू शकतो.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडला जे काम केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव त्यातून आले. तेथील पाने, बिया, खडे हेच साहित्य झाले. मुलाच्या दिवसात आधीपासून काय आहे ते पाहून शिक्षण त्यात बसवले. सप्ताहाची पद्धत याच्या उलट जाते. दिनांक व विषय आधी ठरतो, मुलाचा दिवस त्यात बसवावा लागतो. तो बसवता येत नाही असे नाही. मात्र बसवण्याचे काम कोणीतरी, बहुधा वर्गशिक्षकाने, करावे लागते, आणि त्यासाठी त्याला सात विषयांतून निवड करण्याची मुभा हवी. सातही विषय सारख्या उत्साहाने पार पाडणाऱ्या शाळेपेक्षा दोनच नीट करून उरलेले पाच थोडक्यात उरकणारी शाळा मुलांच्या अधिक कामाची. वरून येणाऱ्या तक्त्यात मात्र सातही रकाने सारखेच रिकामे असतात.

दुसरा मार्ग सातही विषय पसरून देण्याचा. महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर झाला, त्यात अशी सोय आहे. सप्ताहातील सात विषय सात शनिवारांवर टाकले तर तयारीचा भार कमी होतो, आणि एका शनिवारी लावलेले रोप पुढच्या शनिवारी मोजता येते. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांना आपापल्या राज्याचे वेळापत्रक पाळावे लागते, तरी आठवड्यातील शेवटचे दोन तास असे वापरण्यास सहसा कोणाची हरकत नसते.

महाविद्यालयांनी काय करावे

स्वयंसेवकांनी शाळेत येऊन काम करावे यासाठी ‘विद्यांजली’ ही केंद्रीय व्यवस्था ७ सप्टेंबर २०२१ पासून नव्या रूपात सुरू झाली. महाविद्यालयांना तो मार्ग खुला आहे, आणि त्याविनाही शेजारच्या शाळेशी बोलून काम सुरू करता येते. अडते ते मदतीच्या स्वरूपापाशी. महाविद्यालयीन विद्यार्थी सप्ताहाच्या काळात शाळेत गेले की त्यांना व्यासपीठ सजवणे, सूत्रसंचालन व छायाचित्रे ही कामे मिळतात. ती त्यांना आवडतात आणि प्रमाणपत्रही मिळते. त्याऐवजी सहा विद्यार्थ्यांनी एका सकाळी साठ मुलांचे वाचन वर सांगितलेल्या रीतीने तपासले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मुले येतात व पन्नास मिनिटांत काम संपते. वर्गशिक्षकाच्या हाती साठ नावांची यादी पडते. तिच्या आधारे पुढचे दोन महिने गट पाडून शिकवता येते. हेच विद्यार्थी सप्टेंबरअखेर पुन्हा गेले तर फरक मोजता येतो, आणि प्राध्यापकांना शोधनिबंधासाठी आयती सामग्री मिळते.

अशा अभ्यासासाठी मोठी प्रश्नावली लागत नाही. एका शाळेत, एका वर्गात, एक आठवडा बसावे. दर पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी लिहाव्यात : मुले काय करीत आहेत, शिक्षक काय करीत आहे, आणि त्या क्षणी किती मुलांच्या हातात काही आहे. ‘हातात’ याचा अर्थ शब्दशः घ्यावा, मग ते पुस्तक असो, काडी असो, खडू असो की रोप. रांगेत उभी, वाट पाहणारी वा टाळ्या वाजवणारी मुले वेगळी मोजावीत. सप्ताहाचे सहा दिवस आणि एरवीच्या एखाद्या आठवड्यातील सहा दिवस अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात, नाहीतर तुलना एकतर्फी होते. एरवीच्या आठवड्यातही फळ्यावरचे उतरवून घेण्यात तासन्‌तास जातात, हे विसरून चालणार नाही. शिक्षकाला या नोंदी आधी दाखवाव्यात, मग इतरांना.

त्याच वहीत शेवटचे एक पान सप्ताह संपल्यानंतरच्या सोमवारसाठी राखून ठेवावे. २०२४ मध्ये तो २९ जुलैला आला. त्या सकाळी कपाटात बंद झालेल्या वस्तू कोणत्या, मुलांच्या हातात राहिलेल्या कोणत्या, रोपांपैकी किती उभी आहेत, आणि मंगळवारी तपासलेल्या वाचनाच्या यादीप्रमाणे वर्गात मुलांना बसवले आहे की पूर्वीच्याच जागी, एवढे लिहिण्यास अर्धा तास पुरतो.